पगारी खेळाडू शांताराम

तीन आठवड्यांपूर्वी, शुक्रवारी सकाळी, गुहागरहून सुमनवहिनींचा फोन आला. "भावोजी, हे गेले. झोपेतच गेले." मी 'कधी?' आणि 'किती वाजता?' असे दोनच प्रश्न विचारले. माझा स्वभावच तसा. फोन ठेवल्यावर मात्र शांताराम डोळ्यांपुढे आला आणि मला चक्क हसू फुटलं… रडू त्यानंतर आलं.

नव्वदच्या दशकात बहरीनला, गुदैबियातल्या एका खोलीत आम्ही सहा जण राहायचो. मी एका गोदामात स्टोअरकीपर, शांताराम सलमाबादच्या वर्कशॉपमध्ये वेल्डर. गावाकडे तो कबड्डीतला पहिला चढाईपटू. मुंबईतल्या कंपन्या तेव्हा खेळाडूंना नोकऱ्या देत. शांतारामने चार ठिकाणी निवड चाचणी दिली आणि चारही ठिकाणी निवड हुकली. "खेळायचा पगार एकदा तरी घ्यायचा होता रे," एवढंच म्हणायचा आणि ताट ओढायचा.

एकदा तिथल्या रग्बी क्लबचा गोलपोस्ट मोडला. तो जोडायला वर्कशॉपने याला पाठवलं. काम संपल्यावर सराव बघत थांबला, एक गडी कमी होता म्हणून आत शिरला आणि शंभर किलोच्या एका इंग्रजाला घोट्याला धरून आडवा केला. कबड्डीत पकड करतात तशीच. मग पाच महिने दर शुक्रवारी, सुट्टीच्या दिवशी, तो तिकडेच. याला इंग्रजी येत नसे, म्हणून मी सोबत जायचो आणि त्याच्या खेळाचे आकडे वहीत लिहायचो. "कारकून, तू नुसता मोज," तो चिडवायचा.

रग्बीत तेव्हा नुकतेच पगारी खेळाडू येऊ लागले होते. क्लबनेही दोघांना पगारावर घ्यायचं ठरवलं. एक जागा फिजीच्या एका धिप्पाड गड्याला गेली. दुसरीसाठी निवड सामना ठेवला. शांताराम एकतीस वर्षांचा. ही संधी हुकली असती तर पुन्हा कोण विचारणार होतं?

रग्बीत चेंडू घेऊन समोरच्या शेवटच्या रेषेपलीकडे जायचं आणि तिथे तो जमिनीला टेकवायचा, की गुण. शांताराम तोवर नुसत्या पकडीच करत आलेला. रेषेपर्यंत जायची वेळ त्याच्यावर आलीच नव्हती. त्या दिवशी चेंडू त्याच्या हातात पडला. एक, दोन, तीन… सहा जणांना चुकवून तो रेषेपार गेला. मी ओरडलो. आणि शांतारामने पलीकडे पाय टेकवला, गर्रकन वळला आणि चेंडू काखेत घेऊन उलटा पळत सुटला! समोरचे क्षणभर बघतच राहिले, मग तुटून पडले. येताना त्याने आणखी पाच जण चुकवले, मधली रेषा ओलांडली आणि मटकन बसला.

क्लबचा कोच, मूळचा वेल्सचा, लालबुंद होऊन धावत आला. "हा परत का आला?"

मी शांतारामला विचारलं. तो धापा टाकत म्हणाला, "मग काय तिकडंच ऱ्हायचं? बाद नाय होणार?"

मी कोचला कबड्डी समजावली. त्याने डोक्याला हात लावला. "गुण शून्य. पण चुकवले किती?"

"अकरा," मी वही पुढे केली.

त्याने वही हातात घेऊन त्या आकड्यावर बोट ठेवलं. "चेंडू टेकवायला मी शिकवीन," म्हणाला, "असं पळायला मला कुणाला शिकवता येत नाही."

वर्कशॉपच्या मालकाने "खलास, यल्ला", म्हणजे 'झालं, चल नीघ', म्हणत त्याला सोडलं. शांताराम तीन सीझन पगारी खेळला: एक्केचाळीस सामने, सतरा वेळा चेंडू रेषेपार टेकवला, दोन दात गमावले. पहिल्या पगाराला त्याने खोलीत बिर्याणी केली. पातेल्यापाशी डाव घेऊन उभा. "पगार कशाचा?" आम्ही पाचही जण "खेळायचा!" असं ओरडल्याशिवाय वाढेना. दुसऱ्यांदा वाढतानाही तेच.

मागच्या आठवड्यात गुहागरला जाऊन आलो. त्याच्या आळीत फाटकाफाटकावर पाट्या आहेत: निवृत्त मुख्याध्यापक, निवृत्त पोस्टमास्तर. शांतारामच्या फाटकावर त्याने स्वतः पत्रा कापून वेल्ड केलेली पाटी आहे. नाव, आणि खाली 'निवृत्त रग्बी खेळाडू, बहरीन'.

"पेंटर विचारत होता, नावाआधी 'कै.' घालू का," वहिनी म्हणाल्या. "मी म्हटलं, हात लावायचा नाय."

सवयीने मी पाटी दोनदा तपासली. दुरुस्त करण्यासारखं काहीच नव्हतं.