पोथी उजवीकडे, यजमान डावीकडे

शाळेतून निवृत्त झाल्यावर मी पौरोहित्य शिकले आणि केडगावच्या घरी बसून परदेशातल्या मराठी घरांची कार्यं करायला लागले. जावयाने कॉम्प्युटरला दोन स्क्रीन जोडून दिल्या. त्या कुठे ठेवायच्या ते मात्र मी ठरवलं. पूजेत यजमानाचं तोंड पूर्वेला, गुरुजींचं उत्तरेला. म्हणून मी उत्तरेकडे तोंड करून बसते. यजमानांची स्क्रीन डाव्या हाताला, पूर्वेकडे वळवलेली, आणि पोथीची उजवीकडे. जावई हसला. "आई, कॉम्प्युटरला दिशा कळत नाहीत."

"मला कळतात ना," मी म्हटलं.

सुरुवातीला कॉम्प्युटरने फार छळलं. यजमान उजवीकडे उघडायचे, पोथी डावीकडे. कॅमेरा डाव्या स्क्रीनवर, त्यामुळे मी यजमानांकडे वळले की त्यांना माझा नुसता कान दिसायचा. एका सत्यनारायणाला बाईंनी माझ्या कुडीचं कौतुक केलं आणि माझं डोकंच फिरलं. मग एक गोष्ट ध्यानात आली. स्क्रीनवरची खिडकी जिथे बंद करावी, तिथेच ती बहुतेक वेळा परत उघडते. म्हणजे घासलेली भांडी जागच्या जागी लावायची, एवढंच. ते मी जन्मभर करत आलेय. त्यातूनही एखादी भरकटलीच, तर तीन कळा एकदम दाबल्या की ती टुणकन पलीकडच्या स्क्रीनवर जाते. तेव्हापासून माझ्या खिडक्या माझ्या शिस्तीत आहेत.

गेल्या वर्षी एक बारसं आलं. बाळ अमेरिकेत, आत्या देवळाली प्रवरेला. बाळाच्या कानात नाव सांगायचा मान आत्याचा, आणि नाव सांगितलं की तिच्या पाठीत धपाटे घालायचे, ही आपली रीत. ही आत्या नवरा गेल्यावर माहेरी आली आणि तिनेच धाकट्या भावाला वाढवलं. आता भाऊ तिकडे, आणि उसाच्या रानातल्या घरात ती एकटी. आदल्या दिवशी तिने मला फोन केला होता. "बाई, आमच्याकडं शुभकार्यात मला मागंच बसवत्यात. पर नाव मीच सांगनार, भाऊ म्हनलाय."

तिच्या मोबाईलवर मीटिंग काही लागेना, म्हणून तिला मी कॉम्प्युटरवरूनच वेगळा व्हिडिओ कॉल लावला. दोन्हीकडचे आवाज घुमायला लागले, तेव्हा नाव सांगायची वेळ येईपर्यंत तिचा आवाज बंद ठेवला. तेवढ्यात तिकडून "सुरू करायचं ना?" झालं आणि मी पोथी उघडली.

संकल्प झाला, पूजा झाली, बाळाला पाळण्यात घातलं. नाव सांगायची वेळ आली. मी डावीकडे पाहिलं तर आई, वडील, बाळ, आजी, मावशी सगळे होते. आत्या नव्हती.

"कॉल कट झाला वाटतं," मी म्हटलं.

बाळाची आजी, म्हणजे आईची आई, लगेच पुढे झाली. "मग मावशी सांगेल ना. नाहीतरी आत्याबाईंचं ते तसं... जाऊ द्या." बाळाचा बाप खाली बघत राहिला.

मला संताप आला. "आत्या असताना मावशी कशाला?" मी शाळेतल्या आवाजात म्हटलं. "जरा थांबा."

कॉल तुटला असता तर कॉम्प्युटरने तसं सांगितलं असतं. म्हणजे खिडकी होती, फक्त तिच्या जागेवर नव्हती. नवा कॉल उजवीकडेच उघडला असणार. मी त्या स्क्रीनवरची पोथी बाजूला केली. तिच्या मागे आत्या होती. जरीची साडी, डोक्यावर पदर, हातात स्वतः शिवलेली कुंची. ती कुंची कॅमेऱ्यापुढे धरून ती काहीतरी बोलत होती. मी आवाज सुरू केला.

"...ऐकू येतंय का कुनाला? मी हितंच हाय. कवाची हाय."

मला भरून आलं. तीन कळा दाबल्या आणि तिला डावीकडे नेलं, यजमानांच्या शेजारी, सगळ्यात मोठी करून. बापाला म्हटलं, "मोबाईल बाळाच्या कानाशी धर." माइक स्पीकरला चिकटवला.

"कुर्रर्र..." आत्या म्हणाली आणि नाव सांगितलं. बाळाने डोळे किलकिले केले. तिकडे टाळ्या वाजल्या. बाप रडत होता, मोबाईल हलत होता.

आणि इकडे, त्या एकट्या घरात, आत्या सवयीने पुढे वाकली. पाठ पुढे करून तशीच थांबली. क्षणभराने तिच्या लक्षात आलं असावं, ती सावरायला लागली.

मी डाव्या स्क्रीनच्या मागे हात घातला आणि तिच्या पाठीवर धपाधप धपाटे घातले. टेबल हाललं, आवाज सगळीकडे गेला.

आत्या खुदकन हसली. पदराने डोळे पुसत म्हणाली, "लागलं की, बाई."