गुरुवारी न पडणारा सर्व्हर

"तुझा हातच पनवती आहे," असं यशवंतराव साहेब अय्याजभाईंना म्हणाले. तेही गेटपाशी, घरी निघालेल्या सगळ्या बायकांसमोर! माझ्या अंगाचा तिळपापड झाला. इतकी वर्षं ॲडमिन मॅनेजरची खुर्ची उबवली, पण कुणाला काय बोलावं याचं भान नाही मेल्याला.

अय्याज मुलाणी म्हणजे आमच्या चाकणच्या कारखान्यातल्या बसगाड्यांचे कारभारी. मूळचे पिंपरीचे, वडिलांचं गॅरेज होतं. आधी कंपनीचीच बस चालवायचे. मणक्याचं दुखणं लागलं तेव्हा स्टिअरिंग सोडून माझ्या शेजारच्या टेबलावर आले. आम्ही दोघंही ठेकेदाराची माणसं. कुठली बाई कुठल्या चौकात उतरते, कुणाला अंधारात थेट गल्लीच्या तोंडाशी सोडायचं, सगळं त्यांना तोंडपाठ. बस चुकलेली पोर रडत आली तर आधी "जेवलीस का?" विचारणारा माणूस तो.

बसचे मार्ग सर्व्हरवरचा एक प्रोग्राम सांभाळतो. कुणाची शिफ्ट बदलली, कुणी घर बदललं, की अय्याजभाईंनी मार्गांच्या फाइलमध्ये बदल करायचा आणि 'रीलोड' दाबायचं. चालू प्रोग्राम नवी फाइल वाचतो आणि ड्रायव्हरच्या मोबाइलवर नवा मार्ग जातो. जातो कसला, डोंबल! रीलोड दाबलं की प्रोग्राम बंद. मोबाइल कोरे, गाड्या जागच्या जागी आणि बायका आंबेठाण चौकात ताटकळत. फोनवर शिव्या खायला अय्याजभाई आहेतच.

तक्रार केली की हिंजवडीहून निरंजन यायचा, प्रोग्राम बनवणाऱ्या कंपनीचा इंजिनिअर. यायचा गुरुवारी. आमच्या पट्ट्यात सुट्टी गुरुवारची, त्यामुळे दुरुस्तीची सगळी कामं त्याच दिवशी उरकायची ही इथली रीत. त्याने रीलोड दाबावं आणि प्रोग्रामने शहाण्यासारखं चालावं. यशवंतरावांनी त्याचाही अर्थ लावला. म्हणे, गुरुवार स्वामींचा वार, पोराचा हातही चांगला, म्हणून चालतो. "घोळ माणसातच आहे!" लगेच फर्मान निघालं, पुन्हा सर्व्हर पडला तर अय्याजचा गेटपास जमा. ठेकेदाराच्या माणसाचा पास गेला की नोकरीही गेली.

मंगळवारी पडलाच. शनिवारी पास जमा करून जा, असं सांगून साहेब मोकळे. अय्याजभाईंच्या लेकीचं, महेकचं, फार्मसीचं पहिलं वर्ष चालू, आणि हे मला म्हणतात, "जाऊ दे गं साधना. वरचा बघतोय."

"वरचा बघेल तेव्हा बघेल, मी आत्ता बघते!" म्हटलं आणि निरंजनला फोन लावला. "शुक्रवारी ये. कामाच्या दिवशी ये. नाही आलास तर तुझ्या साहेबाच्या दारात ठाण मांडून बसेन."

ट्रॅफिकला कावलेला निरंजन शुक्रवारी दुपारी पोचला. गाड्या रस्त्यावर होत्या. मी यशवंतरावांना बोलावलं. "साहेब, हा माझा हात. नीट बघून घ्या." रीलोड दाबलं. प्रोग्राम बंद.

"तू चुकीचं दाबलंस."

निरंजनने प्रोग्राम पुन्हा सुरू केला. मी खुर्ची सरकवली. "मग तुम्ही दाबा ना!"

साहेबांनी दाबलं. पुन्हा बंद.

"बोला आता, कुणाकुणाचा पास जमा करायचा?"

निरंजन स्क्रीनमध्ये डोकं घालून बसला होता. बऱ्याच वेळाने म्हणाला, "मॅडम, गाड्या चालू असताना मी हे कधी तपासलंच नाही." रीलोड दाबताच प्रोग्राम मार्गांची जुनी यादी फेकून देत होता. पण रस्त्यावरच्या गाड्यांचे मोबाइल तीच यादी वाचत असायचे. यादी पायाखालून गेली की सगळंच कोसळायचं. गुरुवारी गाडीच रस्त्यावर नाही, मग कोसळणार काय?

"आणि यासाठी एका माणसाच्या पोटावर पाय देत होतात?" मी केवढ्यांदा ओरडले, ते मलाच नंतर कळलं. साहेब चहा मागवायला निघून गेले. पास वाचला.

सोमवारी निरंजनने दुरुस्त केलेला प्रोग्राम आणला. शेवटच्या गाडीचं वाचून होईपर्यंत जुनी यादी टाकायची नाही, एवढाच बदल. शिफ्ट सुटली होती, आमच्या खिडकीपाशी बायकांची गर्दी, ड्रायव्हर नव्या मार्गासाठी खोळंबलेले.

"चल अय्याज, दाब," यशवंतराव म्हणाले. "झालं गेलं विसरून जा."

अय्याजभाईंनी हात मांडीवरून हलवला नाही. "साहेब, पनवती म्हणालात ते या सगळ्यांसमोर. चूक माझी नव्हती, हेही यांच्यासमोरच म्हणा. मग दाबतो."

मी गार पडले. हा माणूस असं बोलू शकतो?

बाहेर गाड्यांची इंजिनं सुरू झाली. साहेबांनी माझ्याकडे पाहिलं, छताकडे पाहिलं आणि काहीतरी पुटपुटले.

"ऐकू न्हाई आलं, सायेब!" खिडकीतून कँटीनच्या गोजाबाई कडाडल्या.

साहेबांचे कान लाल झाले. "चूक माझी होती, अय्याज. तुमची नव्हती." या वेळी पार गाडीत बसलेल्या ड्रायव्हरांनाही ऐकू गेलं.

अय्याजभाईंनी डोळे पुसले आणि रीलोड दाबलं. एकामागून एक गाड्या हलल्या.