पान लावणारे हुसेनचाचा

हुसेनचाचा कुठलंही वर्तमानपत्र शेवटच्या पानाच्या तळापासून वाचत. जाहीर नोटिसा, हरवले-सापडले, होडीतून पडलेल्या खलाशाची तीन ओळींची बातमी, असं करत वर चढत आणि पहिल्या पानाच्या मथळ्याशी येईपर्यंत त्यांचा चहा संपलेला असे. मथळा ते वाचतच नसत.

रत्नागिरीच्या आमच्या साप्ताहिकात त्यांनी तीस वर्षं पानं लावली. आधी अक्षरांचे शिशाचे खिळे जुळवून, नंतर कॉम्प्युटरवरून छापलेले मजकुराचे तुकडे कात्रीने कापून, चिकटवून. मी तिथला उपसंपादक, म्हणजे बातम्या लिहिणारा आणि स्वतःला शहाणा समजणारा. पुढाऱ्याची जाहिरात आली की पुढारी वर जाई आणि बुडालेला खलाशी खाली, हे त्यांनी स्वतःच्या हातांनी केलेलं. त्यांचं वाक्य ठरलेलं होतं, "वर काय आपसूक बसत नाय. कोणीतरी बसवतो."

कचेरीत इंटरनेट आलं आणि मला शिंगं फुटली. नाव टाकलं की क्षणात पानांची यादी समोर. मी चाचांना ऐकवलं की हे यंत्राचं काम, आणि यंत्राला पक्ष नसतो. त्यांनी चष्मा कपाळावर चढवून यादी पाहिली. "मग पहिलं पान वर कोणी बसवलंन?" मी म्हटलं, आपोआप येतं. "आपोआप तर पेजपण शिजत नाय," म्हणत ते कात्रीकडे वळले.

नगरपालिकेची निवडणूक आली. मांडवी प्रभागातून तिथल्या बालवाडीच्या सलमाबाई उभ्या होत्या. मी त्यांचं नाव टाकलं. पहिल्या पाचही पानांवर एकच मजकूर: सावर्ड्याच्या शाळेत असताना बाईंनी झेंडावंदन होऊ दिलं नाही. मी हुरळून बातमी लिहिली. चाचांनी ती वाचली आणि सांगितलं की बाई पंचवीस वर्षं मांडवीतच शिकवतायत, चाचांच्या स्वतःच्या तिन्ही मुली बाईंच्याच हाताखालच्या, झेंड्याची दोरी दर वर्षी बाईच ओढतात. सावर्ड्याला त्या गेल्या कधी? एकाचं पाच जणांनी उतरवलंय, एसटी पकड आणि शाळेत जाऊन विचार.

मी गेलो नाही. वर म्हणालो, "चाचा, त्या तुमच्यातल्या आहेत, म्हणून तुम्हाला असं वाटतं."

हे वाक्य आठवलं की आजही स्वतःच्या थोबाडीत द्यावीशी वाटते. न पाहिलेलं यंत्र निःपक्षपाती आणि पंचवीस वर्षांचा शेजारी पक्षपाती, ही माझी अक्कल. चाचांनी कात्री उचलली. बातमी त्यांनी पहिल्या पानावर, सांगितली तिथे लावली.

सलमाबाई पडल्या. एवढ्यावर भागलं नाही. लोकांनी बालवाडीतून मुलं काढून घेतली आणि ती बंद पडली. ताजा आहे का म्हणून कल्ला उचलून पाहिल्याशिवाय बांगडा न घेणारे आमचे सुजाण वाचक, "नेटवर आहे" म्हटल्यावर डोळे मिटून गिळते झाले. त्यांना हसायचा हक्क मला नाही, कारण टोपली मीच मांडली होती.

मग मी सावर्ड्याला गेलो. शाळेच्या जुन्या मस्टरांत बाईंचं नाव कुठेच नव्हतं. पुढे चौकशीत कळलं, ती पाच पानं निवडून आलेल्या उमेदवाराच्या पुतण्याने मुंबईत बसून केली होती. प्रत्येक पान उरलेल्या चारांकडे बोट दाखवत होतं आणि एवढ्या शिफारशी पाहून बिनपक्षाच्या यंत्राने त्यांना वर बसवलं होतं. आमच्या संपादकांनी खुलासा चार ओळींत, शेवटच्या पानाच्या तळाला टाकायला सांगितलं.

अंक छापून आला तेव्हा खुलासा पहिल्या पानावर, साप्ताहिकाच्या नावाच्याही वर होता. संपादकांनी चाचांना त्याच दिवशी काढलं. कात्री फडक्यात गुंडाळताना ते मला म्हणाले, "खोटं मीच वर लावलेलं. खरं खाली कसा लावू?"

काही वर्षांनी ते अंथरुणाला खिळल्याचं कळलं, म्हणून भेटायला गेलो. न राहवून सांगितलं की बाईंचं नाव टाकलं की अजून तीच पाच पानं वर येतात आणि आपला खुलासा कुठेच दिसत नाही. 

"आपलं पान चुकलं तर शिव्या घालायला लोकांना हुसेन होता," ते म्हणाले. "त्या यादीचा हुसेन कोण, तो शोध."

महिनाभरात चाचा गेले. तो हुसेन मला अजून सापडलेला नाही, आणि सलमाबाईंची बालवाडी बंदच आहे.