ठणका की ठसठस

घरात कुणाचं डोकं दुखलं की आत्या विचारायची, "ठणकतंय, का नुसतं जड झालंय?" पोरं तोंड फिरवून हसायची. भावजय म्हणायची, "वन्सं, दुखणं ते दुखणं. त्यात प्रकार कसले?"

पण कपड्यांच्या कारखान्यात उभं आयुष्य इस्त्री करण्यात घालवलेल्या आत्याच्या अंगात खरंच प्रकार होते. टाचेत सणक, खांद्यात कळ, मनगटात मुंग्या, कंबरेत ठाण मांडून बसलेली रग. नवरा लवकर गेला, मूलबाळ नाही. दुखणं नीट सांगितलं तर कुणी घटकाभर जवळ बसतं, एवढं तिला कळून चुकलं होतं.

धाकटा भाऊ अगदी उलट. छापखान्यात यंत्र चालवायचा आणि घरी मूग गिळून बसायचा. एकदा तळहातात पत्र्याची कपची घुसली, ती उपटून, फडकं गुंडाळून हा पुन्हा कामाला. हात सुजून टम्म झाला तेव्हा आत्यानं त्याला ओढतच दवाखान्यात नेलं.

"कसं दुखतंय, काका?" डॉक्टरीणबाईंनी दाबून विचारलं.

"जरासं." चेहऱ्यावरची रेष हलली नाही.

"जरासं म्हणजे?"

"चालतंय."

आत्याला राहवेना. "अरे, ठसठसतंय? चुरचुरतंय? टोचतंय?" त्यानं फडकं पुन्हा गुंडाळायला घेतलं. मग ती म्हणाली, "बरं, हाताचं राहू दे. तुझं यंत्र असं बिघडलं असतं तर मिस्त्रीला काय सांगितलं असतंस?"

भावानं सुजलेला हात उचलून पाहिला. "आत ठोका पडतोय, ताई. नाडीच्या तालावर. हात खाली सोडला की धाडधाड वाढतो, वर धरला की उतरतो. थरथर पार इथवर येते." त्यानं कोपर दाखवलं.

आत पू धरला होता. त्याच दुपारी बाईंनी चिरा देऊन तो काढला. तेवढा वेळ भावानं दुसऱ्या हातानं आत्याचं मनगट आवळून धरलं होतं.

जखम भरली, पण एका बोटाचं टोक पहिल्यासारखं झालं नाही. परवा तो आपणहून आत्यापाशी येऊन बसला.

"बोट आहे, पण नसल्यासारखं. टोचलं तर कळत नाही, गार मात्र लागतं. याला काय म्हणतात गं?"

आत्यानं ते बोट दाबून पाहिलं. "बधिर म्हणावं तर गार लागतंय. माझ्याकडेही शब्द नाही रे याला," ती म्हणाली, आणि बोट हातात धरून बसून राहिली.