आईच्या पाटल्या आणि कस्टमचा दाखला

भावाला मस्कतमध्ये मुलगी झाली आणि आईने नात बघायला जायचं ठरवलं. तिचा हा पहिलाच विमानप्रवास, म्हणून पंधरा दिवसांची रजा काढून मीही सोबत निघाले. पासपोर्ट झाला, व्हिसा आला. अडलं ते आईच्या हातातल्या चार पाटल्यांपाशी.

भिवंडीच्या टेमघरला आमच्या शेजारी एक मावशी राहतात, आम्ही त्यांना खाला म्हणतो. त्यांच्या यजमानांची सगळी नोकरी आखातात गेली, त्यामुळे विमानतळ त्यांच्या पायाखालचा. आमच्या बॅगा बघायला म्हणून आल्या आणि आईच्या हातांकडे बघत म्हणाल्या, "वहिनी, हे घालूनच जाणार? कागद केला का?"

"माजंच सोनं. त्याला कागद कसाला?"

तेव्हा खालांनी स्वतःवर गुदरलेलं सांगितलं. निकाहातल्या बांगड्या घालून त्या एकदा यजमानांकडे गेल्या होत्या. परतताना कस्टमच्या अधिकाऱ्याने विचारलं, या इथूनच नेल्या होत्या कशावरून? पुरावा काहीच नव्हता. घरून लग्नाचे फोटो मागवून सुटका होईपर्यंत अख्खी दुपार बाकावर गेली. "वर्षभर तिथे राहिलेल्याला दागिन्यांची थोडी सूट असते," त्या मला म्हणाल्या, "तुम्ही पंधरा दिवसांत येणार, तुम्हाला ती नाही. म्हणून सोनाराकडून वजन लिहून घ्या आणि जातानाच कस्टमचा दाखला करा."

मला ते लगेच पटलं. मानकोलीच्या बाजूला एका गोदामात मी डिस्पॅच सांभाळते. आमच्याकडे साधा खोकाही कागदाशिवाय गेटबाहेर पडत नाही.

आई मात्र ऐकेना. सोनाराकडे चल म्हटलं की तिची कंबर दुखायची. मग पाटल्या घरी ठेव म्हटलं, तर उसळून म्हणाली, "मोकल्या हातान नातीला घेऊ?" चार दिवस असे गेले. शेवटी मी चिडले. "आई, तुला तिथे बाकावर बसवून ठेवलं तर मला चालणार नाही. नसेल यायचं तर तिकीट रद्द करते."

संध्याकाळी ती साडी बदलून स्वतःच दारात उभी राहिली.

भिवंडीच्या बाजारात ज्या सोनाराला कस्टमसाठी कस आणि वजन लिहून द्यायची सरकारी परवानगी होती, त्याच्याकडे आम्ही गेलो. पाटल्या मनगटात घट्ट रुतल्या होत्या. साबणाचं पाणी लावून एकेक निघाली. खालची कातडी बाळाच्या कातडीसारखी पांढरी पडली होती. सोनाराने पहिली पाटली कसाला लावली, वजन लिहिलं. दुसरी लावली. तिसरी हातात घेऊन तो थांबला, चौथीही पाहिली आणि माझ्याकडे न बघता आईला म्हणाला, "काकू, या दोन..."

"म्हाईत हाय मना," आई म्हणाली. "त्यांना वरून मुलामा हाय."

मी तिच्याकडे बघतच राहिले. तिने खाली बघून सांगितलं. बाबा गेले त्या वर्षी मी बारावी झाले होते. कल्याणच्या कॉलेजची फी भरायची होती. तिने दोन पाटल्या मोडल्या आणि चार बायकांच्या नजरेला येऊ नये म्हणून तशाच दिसणाऱ्या दोन करून घेतल्या. फी मामाने भरली असं मला सांगितलं होतं. मी दर दिवाळीला मामाच्या पाया पडत आले होते.

"मला सांगायचं तरी," मी म्हणाले.

"सांगून काय? तू आभ्यास सोरून रडत बसली असतीस."

सोनाराने पाण्याचा ग्लास माझ्यापुढे सरकवला. खऱ्या दोन्हींचा कागद करून देतो, म्हणाला. मी डोळे पुसून म्हटलं, "चारही लिहा. दोन सोन्याच्या, दोन मुलाम्याच्या. कागदात दोन आणि हातात चार दिसल्या तर येताना शंका येईल." त्याने तसं लिहून दिलं, फोटोही जोडले. विमानतळावर आम्ही तीन तास आधी पोचलो. कस्टमच्या अधिकाऱ्याने पाटल्या पाहिल्या, फोटो ताडून पाहिले आणि शिक्का मारून दाखला दिला. आईने तो पदराखालच्या पिशवीत घातला.

मस्कतला भावाला मी सगळं सांगितलं. दुसऱ्याच दिवशी तो दोन नव्या पाटल्या घ्यायला निघाला. त्या आणल्या तर मुंबईला कस्टम ड्युटी भरावी लागेल, हे मी त्याला समजावत होते, तोवर मांडीवरच्या नातीला थोपटत आई म्हणाली, "मना नको. हिच्यासाठी घेऊन ठेव. शिकंल तवा उपयोगी येतील."

परतताना मुंबईला कस्टमला काही दाखवायचं नसलेले लोक भराभर हिरव्या वाटेने बाहेर पडत होते. आम्ही पाटल्या दाखवायला लाल वाटेला गेलो. तरुण अधिकारी बाई कागद वाचत होत्या. दुसऱ्या ओळीवर त्या थबकल्या. "मावशी, या दोन मुलाम्याच्या आहेत? मग त्या कशाला लिहून घेतल्या?"

"त्या आदी खऱ्या होत्या," आई म्हणाली आणि माझा दंड धरून मला पुढे केलं. "हिच्या शिक्षनाला गेल्या. आता हीच माजे कागद करते."

बाईंनी माझ्याकडे पाहिलं, हसल्या आणि दाखला परत देत म्हणाल्या, "जा मावशी, सांभाळून."

पाच मिनिटंही लागली नव्हती. रिक्षा, टॅक्सी काय मिळेल ते शोधत आम्ही बॅगा ढकलत निघालो. आई ताठ चालत होती. मध्येच थांबून तिने विचारलं, "माजा पासपोर्ट कवापरत चालंल?"

"दहा वर्षं."

तिने बोटांवर काहीतरी मोजलं. "मंग नात शालंत जायाला लागंल, तवा पुन्ना जाऊ," ती म्हणाली आणि माझ्या हातातली जड बॅग स्वतःकडे ओढली.