बकलावरची शिवण

मरोळला मी गाड्यांची सीट कव्हरं शिवायचो. माझ्या कामात कोणी खोट काढलेली मला खपायची नाही. एक सुरकुती दिसली तरी अख्खं कव्हर उसवायचो. त्यामुळे मुलुंडच्या दादाने नवी छोटी गाडी घेतली, तेव्हा तो आणि वहिनी ती घेऊन आधी माझ्या दुकानात आले. आमच्या घराण्यातली ती पहिली गाडी. त्याआधी आमची चारचाकी म्हणजे कोकणात जाणारी एसटी.

माप घेताना सीटच्या कडेला पट्ट्याचं बकल आडवं आलं. एअरबॅग हा शब्द तेव्हा आमच्या कानावरूनही गेला नव्हता, आणि पट्टा विमानात बांधतात एवढंच ठाऊक. बकलासाठी कव्हरात फट ठेवायची म्हणजे फिनिशिंगची वाट लागणार. मी सरळ त्याच्यावरून कव्हर ओढलं.

"भावोजी, मग तो पट्टा लागणार कसा?" वहिनीने विचारलं.

"वहिनी, दादा एवढा हळू चालवतो की सायकलवाले पुढे जातात. पट्टा कशाला हवा?"

तिघेही हसलो. दोन्ही सीटची बकलं मी आत घालून डबल शिवण मारली. "झकास!" दादा म्हणाला, आणि मी फुगलो.

पाचव्या महिन्यात, भर सकाळी, भांडुपजवळ आडव्या आलेल्या म्हशीला चुकवताना गाडी उभ्या ट्रकवर गेली. वेग फार नव्हताच. स्टिअरिंगवर आपटून दादाच्या बरगड्या मोडल्या. वहिनी समोरच्या काचेवर फेकली गेली आणि तिसऱ्या दिवशी वारली.

तेराव्याला जो तो म्हणत होता, तिची वेळ भरली होती. ते ऐकून माझं डोकं फिरायचं. वेळ कसली, माझी डबल शिवण होती ती. पण हे मी कोणाला बोललो नाही. भित्रा होतो.

गाडी दुरुस्त झाल्यावर दादा ती घेऊन एकटाच दुकानात आला.

"तिच्या बाजूचं उसव," म्हणाला.

मी ब्लेड घेतलं. शिवण उसवली. आतून बकल निघालं ते कोरं, कारखान्यातलं प्लास्टिकही तसंच.

"दादा, तिने विचारलं होतं रे."

"आठवतंय. मीपण हसलो होतो ना."

त्याने पट्टा ओढून रिकाम्या सीटवरून बकलात अडकवला. मग स्वतःच्या जागेवर जाऊन बसला. त्याच्या बाजूची शिवण उसवायला मी वळलो, तर म्हणाला, "ती राहू दे."

आयुष्यात पहिल्यांदा मी त्याच्यावर ओरडलो, "उतर खाली!"

तो उतरला. मी टाका टाका तोडला. तो परत बसला तेव्हा पट्टा मीच त्याच्या छातीवरून ओढून लावला. बरगड्यांपाशी तो कळवळला, पण काढ म्हणाला नाही.