टेम्पोतून आणलेली माणसं

लिहायला बसले आहे, पण मला लिहिता येतं असं मी म्हणत नाही. आमच्या घरात सहीपलीकडे कुणी काही लिहिलेलं नाही. चुकलं तर माफ करा. सांगायचं मात्र आहे.

"वडापाव खाल्लास ना? मग बस खाली."

भर ग्रामसभेत हे मला भाऊ म्हणाले. सरपंच त्यांची बायको आहे, पण सभेत बोलतात भाऊ. बाई शेजारी पदर सारखा करत बसतात.

आमचा पाडा विरारजवळ, चांदीपच्या पुढे, खदानींच्या रस्त्याला. सभेला ठरावीक संख्येने माणसं हजर लागतात. गावातले तेवढे येत नाहीत, म्हणून पाड्यावर टेम्पो येतो. गावातल्यांना खुर्च्या, आम्हाला मागे ताडपत्री. डोकी मोजली की वडापाव, चहा, आणि विषय सुरू व्हायच्या आत टेम्पो परत. लहानपणी मला वाटायचं, ग्रामसभा म्हणजे वडापाव.

त्या दिवशी मोजणी झाली होती. पाड्यावरच्या शाळेला एकच खोली, तिचीही भिंत फुगलेली. नवी खोली झाली नाही तर पोरांना गावातल्या मोठ्या शाळेत पाठवतील, असं मास्तर सांगून गेले होते. म्हणजे डंपरच्या रस्त्याने चालत. माझी बहीण दुसरीत आहे.

मी उभी राहिले. "यंदाच्या आराखड्यात आमच्या शाळेची खोली आहे का?"

"कुणाची गं तू?"

मी बापाचं नाव सांगितलं.

"विरारला कॉलेजात जाते," खुर्चीवरून कुणीतरी म्हणालं. "मॅडम झालीय."

"खोलीचं पुढच्या वर्षी बघू. यंदा गावाची कमान घेतलीय," भाऊ म्हणाले. आणि मग ते वडापावचं.

खुर्च्यांवरचे हसले. ताडपत्रीवरचेही दोघं-तिघं हसले. ते जास्त लागलं.

मी बसले नाही. हातातला अर्धा वडापाव भाऊंच्या टेबलावर ठेवला. आमच्या लोकांना म्हटलं, "उठा. आपण गेलो की सभाच होत नाही." पुस्तकात वाचलं होतं, गणपूर्ती नसेल तर सभा तहकूब. लोक उठले. कशासाठी ते बऱ्याच जणांना कळलं नव्हतं. तरी उठले.

टेम्पोवाल्याने नेलं नाही. डंपरची धूळ खात चालत आलो. शेजारची म्हातारी म्हणाली, "लय मोठी झालीस गं बाय. पन पानी तरी पिऊन निघायचं." मी हसले. वाटलं, कमान अडवली.

मग पाडा हळूहळू माझ्याशी बोलेनासा झाला. कुणाचा दाखला अडला की माझं नाव निघायचं. आई म्हणाली, "तुझं शिकनं तुझ्याजवल ठेव. आमाला रोज त्यांच्याच दारात जावं लागतं." कॉलेजात बोळिंजच्या, शहरातच वाढलेल्या एका मैत्रिणीला सांगितलं. ती म्हणाली, "अगं, ऑनलाइन कम्प्लेंट टाक ना." पुढे मी कुणाला सांगितलं नाही. डबाही एकटीच खायचे.

एक दिवस गावाच्या तोंडाशी कमानीचे खड्डे खणलेले दिसले. मी ग्रामसेवकांना गाठलं.

"सभा झालीच नव्हती ना?"

ते वाईट माणूस नाहीत. हळूच म्हणाले, "तहकूब केली आणि अर्ध्या तासाने पुन्हा घेतली. तहकूब सभेला गणपूर्ती लागत नाही, पोरी. पुढचं वाचलं नाहीस? बसला असतात तर विरोधात हात तरी वर करता आले असते. तुम्ही उठलात, त्यांचं सोपं झालं."

मी शाळेच्या पायरीवर जाऊन बसले. आत बहीण पाढे म्हणत होती. उठायचं कसं ते मी शिकले होते. बसून राहायचं शिकले नव्हते.

तेव्हापासून घरोघर जाते आणि हेच सांगते. काही घरांतून कुणी बाहेर येत नाही. मी दाराशी उभी राहून सांगते.

आज सकाळी बातमी आली. सोमवारी सभा आहे. पाड्याची शाळा बंद करून पोरं मोठ्या शाळेत पाठवायची, हा विषय आहे. टेम्पो पाठवायचा नाही, असं ठरलंय.

मी चालत जाणार आहे. कुणी आलं नाही तर एकटी. ताडपत्रीवर नाही, खुर्चीवर बसणार. आणि शेवटचा विषय संपेपर्यंत उठणार नाही.